लाइटची कंपनी बदलता येते का?

दिवाळी होऊन गेली होती, खळ्यावर भाताची झोडणी चालू होती. अशा वेळी पाठीला बॅग लावलेला एक पोरगा किन्हवलीजवळच्या आमच्या आळीत शिरला. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्राची पट्टी. शेजारच्या मावशींना म्हणाला, "मुंबईत लोक लाइटची कंपनी बदलतात, बिल 30 टक्के कमी येतं. आता आपल्याकडेही चालू झालंय. नोंदणीचे फक्त 500 रुपये." मावशींनी बिल दाखवलं, आधार कार्डही काढलं. मग त्याने मोबाइलवर आलेला आकडा मागितला, तेव्हा मात्र त्यांना खटकलं. त्यांनी मला हाक मारली. मी हात धुऊन पोहोचेपर्यंत पोरगा पुढच्या आळीत गेला होता.

मावशींचा प्रश्न मागे राहिला. "मग बदलता येतं का नाही, ते तरी सांग."

नाही येत. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत घराला वीज देणारी कंपनी एकच, महावितरण. आपण अजून 'बोर्ड'च म्हणतो, पण बोर्डाचे 6 जून 2005 रोजी तुकडे झाले आणि वितरणाचं काम या कंपनीकडे आलं. तिचा दर ती स्वतः ठरवत नाही. महाराष्ट्र वीज नियामक आयोग सुनावणी घेऊन ठरवतो. खर्डीला एक दर आणि टोकावड्याला दुसरा, असं होत नाही. तेव्हा इथे कोणी "कंपनी बदलून देतो" म्हणाला, तर तो एक तर सोलर विकतोय, नाही तर तुमचा ओटीपी गोळा करतोय. दोन्हीसाठी आधी पैसे द्यायचे नसतात.

तरी त्या पोराचं बोलणं हवेतून आलेलं नव्हतं. आसनगावहून लोकलमध्ये बसलात की वाशिंद, टिटवाळा, कल्याण, ठाणे, मुलुंड, भांडूप हा सगळा पट्टा महावितरणचा. घाटकोपरला उतरलात की गोष्ट बदलते. तिथे तारा अदानीच्या असल्या तरी ग्राहकाला वीज टाटाकडून घेता येते. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने टाटाला किरकोळ ग्राहकांना वीज विकण्याचा हक्क मान्य केला आणि 2009 च्या ऑक्टोबरात आयोगाने तेव्हाच्या रिलायन्सच्या तारांवरून टाटाची वीज घ्यायला परवानगी दिली. लाखो घरांनी अर्ज भरले. रिलायन्सचा तो धंदा 2018 मध्ये अदानीकडे गेला.

त्या मुंबईकरांच्या अनुभवातून आपण एक गोष्ट उचलावी. कंपनी बदलली तरी तार, खांब आणि ट्रान्सफॉर्मर जुन्याच कंपनीचे राहतात, त्यामुळे वहन आकार त्याच कंपनीचा लागतो. 2011 पासून कंपनी बदलणाऱ्यांवर क्रॉस सबसिडीचा अधिभारही बसला, म्हणजे जुन्या कंपनीच्या गरीब ग्राहकांना मिळणाऱ्या सवलतीतला आपला वाटा. ज्यांनी फक्त युनिटचा दर पाहून उडी मारली होती, त्यांची गणितं तिथे फसली. शिवाय आयोगाचा नवा आदेश आला की दोन्ही कंपन्यांचे स्लॅब हलतात. यंदा 100 युनिटवाल्याला फायद्याचं असलेलं पुढच्या वेळी 400 युनिटवाल्याला फायद्याचं ठरतं.

कोणी म्हणेल, भिवंडीत तर टोरंट आहे, ती काय मग? ती फ्रँचायझी. 2007 च्या जानेवारीपासून भिवंडीत आणि 2020 पासून कळवा, मुंब्रा, शीळ भागात बिलं वाटणं, वसुली, दुरुस्ती हे काम टोरंट करते. ग्राहक महावितरणचाच राहतो आणि दर आपल्याला लागतो तोच. पडघ्याच्या पाहुण्याचं बिल आपल्यापेक्षा कमी येत असेल तर त्याने वापर कमी केलाय, एवढाच अर्थ.

खरी दुसरी कंपनी यायची असेल तर तिला आयोगाकडून समांतर परवाना लागतो. 2003 च्या वीज कायद्यात ती सोय आहे. अदानीच्या एका कंपनीने 2022 मध्ये मुलुंड, भांडूप, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, उरण या भागासाठी तसा अर्ज केला. त्याविरुद्ध 2023 च्या जानेवारीत वीज कर्मचारी संपावर गेले, तो संप पहिल्याच दिवशी मिटला. त्या यादीत शहापूर नव्हतं, मुरबाडही नव्हतं. नसण्याचं कारण खांब मोजले की कळतं. ठाण्यातल्या एका टॉवरमध्ये जेवढी घरं असतात तेवढ्यांना लाइट द्यायला डोळखांबकडे किंवा माळशेजच्या पायथ्याशी किती किलोमीटर तार ओढावी लागेल आणि पहिल्याच वळवाच्या वादळात त्यातली किती झाडाखाली येईल, याचा हिशेब कंपन्या आपल्या आधी करतात. आज ना उद्या कायदा बदलेल आणि दारात दुसरी कंपनी येईल, पण त्या आशेवर थांबण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

मग आपल्या हातात काय? महावितरणकडून किती वीज घ्यायची, ती कोणत्या वेळी घ्यायची आणि थोडी छपरावर करायची का, एवढं तरी नक्की आहे. ते ठरवायला आधी बिल नीट वाचावं लागतं.

बिलावर मागच्या 12 महिन्यांचा युनिटचा तक्ता असतो. बहुतेक घरांत शेवटची रक्कम पाहून बिल खुंटीला अडकवलं जातं आणि तक्त्याकडे कोणी बघत नाही. वहीच्या एका पानावर हे 12 आकडे उतरवा. मे महिन्याचा आकडा आणि जानेवारीचा आकडा शेजारी ठेवा. त्या दोहोंतला फरक म्हणजे तुमचे पंखे, कूलर, फ्रीज आणि पाण्याची मोटर. घरगुती दराचे टप्पे 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या वर असे आहेत. पहिले 100 युनिट सगळ्यांना स्वस्त, पुढचे महाग, त्यापुढचे आणखी महाग. त्यावर वहन आकार, स्थिर आकार, कधी इंधन समायोजन, आणि मग या बेरजेवर 16 टक्के वीज शुल्क.

यातली मेख अशी की तुम्ही वाचवलेलं युनिट नेहमी वरच्या टप्प्यातलं असतं. समजा मे महिन्यात तुमचं बिल 340 युनिटचं आलं आणि पुढच्या वर्षी तुम्ही ते 280 वर आणलं. वाचलेल्या 60 पैकी 40 युनिट 300 च्या वरच्या दराचे आणि 20 मधल्या दराचे. हे पैसे डोळ्यांत भरतात. उलट एखादं घर 95 वरून 75 वर आलं, तर वाचलेले वीसही युनिट सगळ्यात स्वस्त टप्प्यातले आणि स्थिर आकार होता तेवढाच. आपल्या वाड्या-पाड्यांत निम्म्याहून जास्त घरांचा आकडा कायम 100 च्या खाली असेल, असं माझ्या ओळखीच्या घरांवरून मला वाटतं. अशा घराला कोणी "बिल निम्मं करून देतो" म्हणत असेल तर निम्मं करायला तिथे फारसं काही नसतंच.

बिल आणखी दोन गोष्टींसाठी पाहायचं. एक, चालू आणि मागील रीडिंग. स्वतः मीटरजवळ जाऊन आकडा पडताळा. बिलात रीडिंग मिळालं नाही असा शेरा असेल तर ते सरासरीचं बिल आहे; पुढच्या खऱ्या रीडिंगला ते जुळवून मिळायला हवं. दोन, बिल किती दिवसांचं आहे. 30 ऐवजी 40 दिवसांनी रीडिंग झालं तर युनिट जास्त दिसतात, पण स्लॅबचा लाभही त्याच प्रमाणात जास्त मिळायला हवा. तो मिळाला नसेल तर तक्रार करा. तक्रारीची पायरी पाळा: आधी शाखा किंवा उपविभाग कार्यालयात लेखी अर्ज आणि पोच, मग कल्याणचा ग्राहक तक्रार निवारण मंच, शेवटी मुंबईचा विद्युत लोकपाल. वकील लागत नाही, पोच लागते.

आता मी स्वतः केलेला मूर्खपणा सांगतो. तीन वर्षं मी बिल वाढल्याची कुरकुर करत होतो. शेवटी एका रात्री सगळी बटणं बंद करून मीटरसमोर टॉर्च घेऊन बसलो. लाल दिवा थांबायला तयार नाही. शोधता शोधता सापडला ओटीवरचा जुना फ्रीज, दाराचं रबर फाटलेलं, आत दोन पाण्याच्या बाटल्या आणि देवाच्या नारळाची खोबरी. कॉम्प्रेसर रात्रभर त्या खोबरीसाठी राबत होता. तो फ्रीज भंगारवाल्याला दिला आणि पुढच्याच बिलात फरक कळला. तुम्हीही हा प्रयोग करा, खर्च काहीच नाही.

पंख्याचं गणित तर पाटीवर मांडता येईल एवढं सोपं आहे. जुना पंखा साधारण 75 वॅटचा, दिवसाला 12 तास फिरला तर महिन्याला 27 युनिट. नवा बीएलडीसी पंखा 30 वॅटच्या आसपास, त्याला 11. म्हणजे एका पंख्यामागे 16 युनिट. पाणी तापवायचा 1500 वॅटचा रॉड रोज एक तास लावला तर महिन्याचे 45 युनिट गेले. अंगणात बंब असेल, जळण असेल, तर रॉड पाहुण्यांसाठी ठेवावा. एक एचपीची मोटर तासाला जवळजवळ एक युनिट खाते. टाकी भरून वाहू लागली तरी ती खातच असते, म्हणून बॉल व्हॉल्व्ह किंवा घरातल्या पोराला हाक, यातलं एक तरी हवं.

घराच्या ओटीवर किराणा किंवा शिवणकाम असेल तर लगेच व्यापारी मीटर घेऊ नका. महिन्याला 300 युनिटच्या आणि वर्षाला 3600 युनिटच्या आत वापर असेल तर घरातल्या अशा छोट्या व्यवसायाला घरगुती दर लागू होतो. व्यापारी दर बराच चढा आहे. भावांच्या चुली वेगळ्या झाल्या असतील तर मीटर वेगळा घेण्यातही अर्थ असू शकतो, कारण पहिल्या 100 युनिटांचा स्वस्त टप्पा दोन्ही घरांना मिळतो. मात्र स्थिर आकारही दोनदा भरावा लागतो, आणि चूल एकच ठेवून कागदावर दोन मीटर दाखवले तर अंगाशी येतं.

आता सोलर. आपल्याकडे स्वस्त पुरवठादाराच्या नावाखाली सर्वांत जास्त विकलं जातं ते हेच, आणि सर्वांत जास्त चुकाही इथेच होतात. प्रधानमंत्री सूर्यघर योजना 2024 च्या फेब्रुवारीत आली. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000, तिसऱ्याला 18,000, आणि त्यापुढे कितीही मोठं बसवलं तरी 78,000 रुपयांवर अनुदान थांबतं. सरकारने धरलेल्या किमतीनुसार 3 किलोवॅटचा खर्च 1,45,000. अनुदान वजा केलं की उरतात 67,000. आता वहीतलं पान काढा. सोलरने तुमचं बिल महिन्याला 1,000 रुपयांनी कमी होणार असेल तर हे पैसे 67 महिन्यांत, म्हणजे साडेपाच वर्षांच्या थोडं पुढे, वसूल होतात. घ्यायला हरकत नाही. पण तुमचं बिलच 400 चं असेल आणि त्यातले 250 वाचणार असतील, तर 268 महिने लागतील. 22 वर्षं! तोवर इन्व्हर्टर एकदा तरी बदलावा लागेल. त्यात बाजारातला विक्रेता सरकारी किमतीपेक्षा जास्त सांगतो ते वेगळंच.

कमी वापराच्या घरांसाठी राज्याने 2025 मध्ये स्मार्ट नावाची योजना आणली आहे. महिन्याला 100 युनिटच्या आत वापर असलेल्यांना एक किलोवॅटसाठी केंद्राच्या 30,000 वर राज्याची भर मिळते. दारिद्र्यरेषेखालच्या घराला स्वतःचे साधारण 2,500, अनुसूचित जाती-जमातीच्या घराला 5,000 आणि इतरांना 10,000 रुपये भरावे लागतात. लाभार्थींची संख्या ठरलेली आहे, म्हणून ठाकूर-कातकरी वाड्यांत हे आधी पोहोचायला हवं. ग्रामपंचायतीतल्या ज्याला कोणाला मोबाइल चांगला चालवता येतो, त्याने ही एक गोष्ट मनावर घ्यावी.

छपराचंही पाहा. एका किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट जागा लागते, तीही दक्षिणेकडे मोकळी. स्लॅब असेल तर उत्तम. पत्र्यावर बसतं, पण खालचे अँगल गंजलेले असतील तर पॅनलच्या आधी ते बदलावे लागतील. कौलांवर कोणी "बसवून देतो" म्हणाला तर त्याला पावसाळ्यात घरी राहायला बोलवा. आंब्याची सावली दुपारी एका पॅनलवर पडली तरी शेजारच्या पॅनलचं उत्पादनही खाली ओढते. एक किलोवॅट चांगल्या उन्हात महिन्याला 100 ते 120 युनिट देतं, पण आपला पावसाळा माहुलीच्या सुळक्यांवर चार महिने ढग अडकवून ठेवणारा आहे. जून ते सप्टेंबर आकडा बराच खाली येणार हे धरूनच हिशेब करा. विक्रेत्याच्या कागदावर तो बाराही महिने सारखा असतो.

आणि हे तर विक्रेते क्वचितच सांगतात: लाइट गेली की साधं सोलरही बंद पडतं. वायरमन खांबावर चढलेला असताना तुमच्या छपरावरून उलटी वीज तारेत जाऊ नये, म्हणून इन्व्हर्टर आपोआप थांबतो. मुरबाड-शहापुरात पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते ते मी सांगायला नको. "लाइट गेल्यावरही चालेल" या आशेने सोलर घ्यायचं असेल तर बॅटरीवालं घ्यावं लागेल, त्याची किंमत वेगळी आणि हिशेबही वेगळा.

जास्तीची वीज तारेत जाते आणि पुढच्या बिलातून वजा होते, पण आर्थिक वर्षाच्या शेवटी शिल्लक राहिलेल्या युनिटांना फार कमी भाव मिळतो. म्हणून वर्षाच्या वापरापेक्षा मोठं सोलर बसवून वीज विकण्याची स्वप्नं पाहू नयेत. अर्ज सूर्यघर योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवरून स्वतः करा, विक्रेता नोंदणीकृत यादीतला घ्या, पॅनल भारतीय बनावटीचे आणि पाच वर्षांची देखभाल लेखी घ्या. अनुदान थेट तुमच्या खात्यात येतं, ते विक्रेत्याच्या खात्यात मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

वेळेचा मुद्दा नवा आहे. ज्यांच्या घरी स्मार्ट मीटर बसला आहे त्यांना 2025 च्या जुलैपासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर युनिटमागे सूट मिळते, 80 पैशांपासून सुरुवात आहे. वेळेप्रमाणे विजेची किंमत बदलते हे शहापूरकरांना नवीन वाटायचं कारण नाही. आपल्या चोंढ्याजवळ घाटघर प्रकल्पाचं खालचं धरण आहे. वीज स्वस्त असते तेव्हा तिथलं पाणी पंपाने वर घाटघरला चढवतात आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून 250 मेगावॅटपर्यंत वीज काढतात. घरात तेच करायचं: मोटर, इस्त्री, गिरणी, वॉशिंग मशीन दुपारी. दुपारी उन्हाळ्यात कोणी इस्त्री करत बसणार नाही हे मला कळतं, पण मोटर तरी लावता येईल.

विजेची नाही, पण गॅसची जोडणी मात्र बदलता येते. तुमचा एलपीजी वितरक सिलिंडर वेळेवर देत नसेल तर त्याच परिसरातल्या दुसऱ्या वितरकाकडे, अगदी दुसऱ्या कंपनीच्या वितरकाकडेही, जोडणी हलवता येते. भाव तिन्ही कंपन्यांचा सारखाच असल्याने पैसे वाचणार नाहीत, पण खेपा वाचतील. गोडाऊनमधून स्वतः उचलला तर घरपोच आकाराची सूट मागा.

धसई 2016 च्या डिसेंबरात राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजली, तेव्हापासून ऑनलाइन पैसे भरणं आपल्याकडे कोणाला अवघड वाटत नाही. त्याचाच फायदा भामटे घेतात. "आज रात्री 9.30 ला तुमची लाइट कापली जाईल, या नंबरवर फोन करा" असा मेसेज आला तर फोन करू नका. कायद्याने थकबाकीसाठी तोडणी करायची तरी 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. शंका असेल तर महावितरणच्या 1912 या नंबरवर विचारा. बिल कागदावर न घेता ईमेलवर घेतलं तर दर बिलामागे 10 रुपये सूट मिळते, आणि बिलाच्या तारखेपासून सात दिवसांत भरलं तर आणखी थोडी. दोन्ही सवलती मावशींना मी त्याच दुपारी लावून दिल्या.

त्यांच्या बिलाचा 12 महिन्यांचा तक्ता आम्ही दोघांनी खळ्यावरच वाचला. सगळ्यात मोठा आकडा मे महिन्यातला, 71. सोलर नको, कंपनी बदलायचा प्रश्नच नाही. पण बिलावर नाव होतं त्यांच्या सासऱ्यांचं, आणि सासरे जाऊन 19 वर्षं झालेली. उद्या कोणतीही योजना घ्यायची म्हटली तर पहिली अडचण तिथेच येणार. म्हणून नाव बदलाचा अर्ज भरायचं ठरलं. घरपट्टीची पावती, मृत्यूचा दाखला, वारसांची संमती. मृत्यूचा दाखला सापडेना. मावशी म्हणाल्या, "ट्रंकेत असल, लग्नाच्या साडीखाली," आणि झोडणी अर्धी टाकून घरात गेल्या.